चारबागची मधली लाइन

लखनौचं चारबाग स्टेशन मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते ताईच्या जेवणाच्या टेबलावर. बुटांच्या खोक्यांच्या भिंती, टेबल टेनिसचे चेंडू मधोमध कापून केलेले घुमट, आइस्क्रीमच्या काड्यांचा प्लॅटफॉर्म. भिंतींना गेरूचा रंग आणि वर पांढरे पट्टे. गच्चीवरच्या छोट्या छत्र्यांच्या जागी बुद्धिबळातली प्यादी चिकटवलेली. भावोजी आपला बुद्धिबळाचा डबा उघडून हताश बसले होते आणि माझा दहा वर्षांचा भाचा फेव्हिकॉलने माखलेल्या हातांनी सांगत होता, "मावशी, हात लावू नकोस, अजून वाळलं नाहीये!"

भावोजींची बदली झाली होती. जूनमध्ये सगळे पुण्याला जाणार होते. भाच्याचा जन्म लखनौचा, शाळा लखनौची, मित्रही इथलेच. बदलीची बातमी कळल्यावर तो रडला नाही, भांडला नाही. ताई म्हणाली, "दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी खोकी मागायला लागला."

या स्टेशनावरून एक इंजिन धावणार होतं. भावोजींच्या मित्राने इंग्लंडहून आणलेलं, हिरवंगार, अंगावर ४४७२ हा आकडा. हे 'फ्लाइंग स्कॉट्समन'. खरं इंजिन १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या डॉन्कास्टरला तयार झालं. १९३४ मध्ये त्याने ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा वेग गाठला. अधिकृतपणे नोंद झालेलं तसं ते पहिलं वाफेचं इंजिन. ते अजूनही जपून ठेवलंय. त्याच लंडन-एडिंबरा मार्गावर आज 'अझुमा' नावाच्या विजेच्या गाड्या धावतात. ब्रिटनमध्ये लहानथोर माणसं या जुन्या-नव्या गाड्यांची मॉडेल्स जमवतात, घराच्या माळ्यावर अख्खं गाव वसवतात आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या सोडतात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून आपल्या नावाने खेळण्यातल्या गाड्या विकायला सुरुवात केली. त्यांचं नाव आजही या छंदात घरोघरी घेतलं जातं.

भाच्याला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "मावशी, हे इंजिन खऱ्या चारबागला चालेल का?"

उत्तर शोधायला आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशनावर गेलो. इंजिन रुमालात गुंडाळून त्याच्या खिशात होतं.

सकाळच्या कोवळ्या उन्हात चारबाग स्टेशन वाटतच नाही. समोर बाग, मागे लाल-पांढरी लांबलचक इमारत, वर घुमट, मिनार आणि छत्र्यांची गर्दी. १९१४ मध्ये तिचा पाया घातला गेला. वरून पाहिलं तर बुद्धिबळाचा डाव मांडल्यासारखं दिसतं, असं लखनौकर कौतुकाने सांगतात. भाच्याने प्यादी का चिकटवली ते मला तेव्हा उमगलं. इथले रूळ ओलांडून पलीकडे पाहिलं की खम्मन पीर बाबांचा दर्गा दिसतो, चक्क रुळांच्या मधोमध. गाड्या आजूबाजूने जातात आणि माणसं चादर घेऊन दर्ग्यात जातात.

चारबागला लागूनच दुसरं स्टेशन आहे, लखनौ जंक्शन. रिक्षावाल्याला नुसतं 'स्टेशन' म्हटलं तर तो विचारतो, "बड़ी लाइन या छोटी लाइन?" चारबाग म्हणजे बड़ी लाइन, जंक्शन म्हणजे छोटी लाइन. एकेकाळी चारबागला ब्रॉडगेज होतं आणि जंक्शनवर मीटरगेज. दोन रुळांमधलं अंतर वेगळं, म्हणून एकीकडची गाडी दुसरीकडे जाऊच शकत नव्हती. प्रवासी सामान उचलून इथून तिथे जायचे. आता जंक्शनवरही ब्रॉडगेज आहे आणि मुंबईला येणारी आपली पुष्पक एक्सप्रेस तिथूनच सुटते. मीटरगेज गेलं, पण 'छोटी लाइन' हे नाव काही लोकांच्या तोंडातून गेलं नाही.

भाच्याने प्लॅटफॉर्मवर उभं राहून तळहातावर इंजिन ठेवलं आणि समोरच्या रुळांकडे पाहिलं. मी मोबाइलवर आकडे काढून दिले. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच मापाच्या रुळांवरून. पण ज्या इंग्रजांनी ते रूळ टाकले, त्यांच्या स्वतःच्या देशातलं माप १४३५ मिलिमीटर! म्हणजे खरं 'फ्लाइंग स्कॉट्समन' इथे आणलं तर त्याची चाकं दोन रुळांच्या मधेच उतरतील.

"म्हणजे चालणार नाही," तो म्हणाला. मग खिशातून कागद काढून त्याने भागाकार मांडला. त्याचं इंजिन खऱ्याच्या शहात्तरपट लहान. १६७६ भागिले ७६, जवळजवळ बावीस. त्याच्या खेळण्यातल्या रुळांचं अंतर होतं साडेसोळा मिलिमीटर. त्याचा चेहरा पडला. "साडेपाच मिलिमीटर कमी. मावशी, मग माझं चारबाग खोटं आहे."

घरी येईपर्यंत तो बोलला नाही. मला त्याचं दुःख साडेपाच मिलिमीटरचं नाही हे कळत होतं. आपण जे सोबत नेणार आहोत ते खरंखुरं असावं, एवढंच त्याला हवं होतं.

रात्री मी त्याला इंग्रजांची गंमत सांगितली. त्यांच्या १४३५ मिलिमीटरला ७६ ने भागलं तर जवळजवळ १९ येतात. पण त्यांच्या घराघरांतल्या गाड्यासुद्धा साडेसोळाच्याच रुळांवर धावतात! झालं असं, की साडेसोळाचे रूळ ८७ पट लहान गाड्यांसाठी अगदी बरोबर होते. पण ब्रिटनचे बोगदे आणि पूल जुने, अरुंद. त्यामुळे तिथली इंजिनं मुळातच अंगाने लहान. त्या मापात इंजिन केलं तर तेव्हाची मोटर आत मावेना. मग त्यांनी इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ तसेच ठेवले. काही हट्टी माणसं आजही १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हाताने बनवतात. बाकीचे चुकीच्या रुळांवरून आनंदाने गाड्या पळवतात.

"खऱ्या इंग्लंडमध्ये पण खोटे रूळ?" त्याचे डोळे चमकले.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊ जोशी नावाच्या माणसाने आयुष्यभर जपलेला छंद १९९८ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. तिथे छोट्या शहरातून वाफेच्या, डिझेलच्या, विजेच्या गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवे लागतात. "पुण्याला गेल्यावर पहिल्या रविवारी जाऊ," मी म्हटलं. त्याने पुण्याबद्दल पहिल्यांदाच आपणहून प्रश्न विचारला, "तिथे लखनौचं स्टेशन आहे?"

"नसेल तर तुझ्याकडे आहेच की," ताई म्हणाली.

जाता जाता एक हिशेब आम्ही सगळ्यांनी मिळून केला. पुष्पकसारख्या गाडीचा एक नवा डबा साधारण २४ मीटर लांब. भाच्याच्या मापात तो सुमारे साडेएकतीस सेंटिमीटरचा होईल. बावीस डबे जोडले तर जवळजवळ सात मीटर! भावोजी म्हणाले, "पुण्यातला फ्लॅट रेल्वेलाच विचारून घ्यावा लागेल." शेवटी चार डब्यांवर तडजोड झाली. पुठ्ठ्याचेच, पण खिडक्या मोजून कापलेले. लखनौतच मानकनगरला आरडीएसओ ही संस्था आहे. भारतीय रेल्वेची इंजिनं, डबे, रूळ यांची प्रमाण मापं ती ठरवते. "त्यांनी पाहिलं तर?" भाच्याने काळजीने विचारलं. मी म्हटलं, "आपण मंजुरी मागायलाच नको."

मी निघाले त्या दिवशी चारबाग वाळलं होतं. हिरवं इंजिन चार पुठ्ठ्याचे डबे ओढत घुमटांसमोरून गेलं. दोनदा घसरलं, तिसऱ्या फेरीत नीट फिरलं. प्लॅटफॉर्मवर पिवळी पाटी लागली होती, खऱ्यासारखीच. पण खाली एक ओळ भाच्याने स्वतःची घातली होती. मीटरगेज त्याच्या मापात येतं सव्वातेरा, ब्रॉडगेज बावीस. त्याचे रूळ दोन्हींच्या मधले. म्हणून त्याने लिहिलं होतं: 'चारबाग, मंझली लाइन'.

सामान बांधायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यात आधी भरलं गेलेलं खोकं तेच, असं ताईने फोनवर सांगितलं.