पायाळू

कमर दुखायला लागली की मला आधी आजीची टाच आठवते. भेगाळलेली, खरखरीत, आणि धुळ्याच्या उन्हात तापलेल्या फरशीची ऊब धरून ठेवणारी. उसण भरली की गल्लीतलं कुणीही वाकतवाकत ओसरीवर यायचं, पालथं पडायचं. आजी एक हात भिंतीला टेकवून, लुगडं सावरत उजवा पाय त्याच्या कमरेवर अलगद ठेवायची. ती पायाळू. एकदा खोटीच उसण काढून मीही त्या पायाखाली निजले होते, आणि त्या वजनानं डोळे मिटत गेले होते.

पण लळिंगच्या अंगाला वीज लकाकली की हीच आजी माजघरात. पायाळूवर वीज पडते म्हणे. आम्ही अंगणात मातीचा वास पीत उभे, आणि ती उंबऱ्याच्या आत.

छत्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांचा हात माझ्या बरगडीखाली थबकला. नारळासारखं टणक काहीतरी तिथे रोज टेकत होतंच. लाथा खाली, ओटीपोटात. बाळ पायाळू होतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाचांतलं एक असं असतंच, मग बहुतेक आपसूक वळतात. दिवस भरताना 100 मध्ये 3-4 उरतात. पोटावरून हातानं फिरवून बघतात, साधारण निम्म्या वेळा जमतंही. माझ्या पोटात पाणी कमी, म्हणून तो विचार राहिला. सिझेरियनची तारीख ठरली.

पणजीला कुठली तारीख? कंदील, सुईण, अंग बाहेर आलेलं लेकरू, आणि सगळ्यात मोठं ते डोकं अजून आत; नाळ दाबली जाण्याची ती घटका. आजी त्यातून सुटली, आणि लोकांना तिच्या पायांत गुण दिसला. पणजीच्या त्या घटकेबद्दल मात्र ओसरीवर कधी कुणी बोललं नाही. मीही विचारलं नव्हतं.

जूनमध्ये माहेरी गेले. पालथं पडणं आता कुठलं. डाव्या कुशीवर निजले. आजीला उभं राहवत नव्हतं. पाठीमागे बाजेवर टेकून तिनं नुसती टाच लावली, भार न देता. कितीतरी वेळ. बाहेर पांझरेवर अंधारून आलं, लांबवर गडगडलं.

"दार लोटी ले वं," ती आईला म्हणाली, "आते घरमा दोन पायाळू शेतस."