आयतं

परवा मुलाला बुकिंगच्या पानासाठी कॅलेंडर हवं होतं. मला वाटलं, आता दिवसभर बसेल. पठ्ठ्यानं दोन-तीन ओळी टाइप केल्या आणि कॅलेंडर हजर! रिॲक्टसाठी म्हणे बटणं, तक्ते, फॉर्म तयारच मिळतात. रंग आणि मजकूर तेवढा आपला घालायचा.

"म्हणजे सगळं आयतंच की रे!"

तो हसला आणि २०१६ची गोष्ट सांगू लागला. लेफ्ट-पॅड नावाचा ११ ओळींचा तुकडा होता. काम एवढंच, शब्दाच्या डावीकडे हवी तेवढी जागा भरायची. मार्चमध्ये कर्त्यानं तो एनपीएम या सामाईक कोठारातून काढून घेतला आणि जगभरातली कितीतरी कामं अडली. दोनेक तासांत तो परत ठेवावा लागला.

"११ ओळी कुणाला लिहिता येत नव्हत्या?"

"येत होत्या गं. पण आपण त्यावर टेकलोय, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं."

मी गप्पच झाले. २६ वर्षं माझ्या घरी मेतकूट निपाणीहून, आईकडून यायचं. "एकदा जवळ बसून बघ," ती म्हणायची. मिळतंय तर कशाला, असं मला वाटे. ती गेली त्या वर्षी डबा रिकामाच राहिला. डाळी ठाऊक होत्या, प्रमाण नव्हतं.

आयतं घेण्यात कमीपणा नाही. पण मुलाला म्हटलं, "ते कॅलेंडर आतून कसं आहे, एकदा उघडून बघ." आणि मी वहिनीला फोन लावला. तिला थोडंफार आठवत असेल.