अपडेट बंद करून मिळेल

घरचा पीसी दुरुस्तीहून परत येतो तेव्हा त्याच्यासोबत एक वाक्य हमखास येतं: ‘अपडेट बंद करून दिलंय, आता त्रास नाही.’ हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आलोय की दुकानाच्या पाटीवर ‘विंडोज मारून मिळेल’च्या खाली ‘अपडेट बंद करून मिळेल’ असं लिहिलेलं दिसलं तरी नवल वाटणार नाही. मला खुपतं ते यातलं समाधान. देणाऱ्याला वाटतं आपण सेवा केली, घेणारा पैसे देऊन वर आभार मानतो, आणि दोघांपैकी कुणालाही आपण काय काढून टाकलं याची चुटपुट लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सुरक्षेची दुरुस्ती जाहीर झाली की ती न घेणाऱ्याचा धोका आदल्या दिवशीपेक्षा वाढतो. ‘काल चालत होतं, मग आजही चालेल’ हा हिशेब इथेच चुकतो, कारण ज्या भोकाची ती दुरुस्ती असते ते काल मोजक्या लोकांना माहीत होतं आणि आज ते जगजाहीर झालेलं असतं.

मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी-शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधणं हा जाणकारांचा नेहमीचा उद्योग आहे, आणि ते करणारे सगळेच सज्जन नसतात. २००३ साली एका भोकाची दुरुस्ती १६ जुलैला आली आणि त्यातूनच शिरणारा ब्लास्टर हा वर्म ११ ऑगस्टला सुटला. २००८ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या दुरुस्तीनंतर नोव्हेंबरात त्याच भोकातून शिरणारा कॉनफिकर आला. सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र २०१७ चं. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्यानं विंडोजमधलं एक भोक गाठून त्यात शिरायचं हत्यार बनवलं आणि ते स्वतःपाशी दडवून ठेवलं होतं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टनं त्याची दुरुस्ती दिली. १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीनं ते हत्यारच नेटवर टाकून दिलं. १२ मे, शुक्रवारी वॉनाक्राय सुटला, फाइली कुलूपबंद करून तीनशे डॉलर मागू लागला, आणि दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. इंग्लंडची सरकारी इस्पितळं आणि इकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यातून सुटले नाहीत. तेव्हा सगळीकडे जुन्या विंडोज एक्सपीच्या नावानं खडे फोडले गेले. पण बाधित झालेले बहुतेक संगणक होते विंडोज ७ वर, ज्याची दुरुस्ती फुकट होती आणि एकोणसाठ दिवस आधीच आलेली होती.

एक्सपीची गोष्ट मात्र अजून डोक्यात जाते. तिचा फुकट पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, त्यामुळे मार्चची दुरुस्ती सामान्य एक्सपीवाल्याला मिळाली नाही. हल्ला झाल्यावर लगेच मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठीही ती खुली केली. लोकांनी फाइल तपासली तर ती फेब्रुवारीतच तयार झालेली निघाली. म्हणजे पैसे भरून खास करार करणाऱ्या बड्या ग्राहकांसाठी इलाज कपाटात होता आणि बाकीच्यांसाठी कपाट बंद. कंपनीची बाजू मला कळते. पंधरा वर्षं जुन्या मालाला कायम मोफत सेवा द्या, असं कुठल्याच धंद्याला सांगता येत नाही. पण भोक तिच्याच मालात होतं, जन्मापासूनच होतं, आणि ते दडवलं होतं एका सरकारनं. तरी ‘लोक अपडेट करत नाहीत’ हा ठपका आला वापरणाऱ्यावर. मीही आत्ता वर तेच करत होतो, हे लक्षात आहे.

तरीही आपल्याकडची नेहमीची उत्तरं मला पटत नाहीत. ‘आमच्याकडं चोरण्यासारखं आहे काय?’ हे पहिलं. असे हल्ले घर बघून येत नाहीत. वॉनाक्राय नेटवरचे पत्ते एकामागून एक ठोठावत जायचा. दार कुणाचं हे त्याच्या गावीही नव्हतं. शिवाय छोट्या गावात घरचा पीसी एकट्या घराचा राहत नाही. शेजारच्या पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, मामाचा पीकविमा, कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, सातबारा, जातीचा दाखला, सगळं डाउनलोडच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतं. चोरण्यासारखं आपलं नसेलही, दुसऱ्यांचं भरपूर असतं. ‘मी भलती लिंक उघडत नाही’ हे दुसरं उत्तर. सवय चांगली, पण वॉनाक्रायला पसरण्यासाठी कुणी काही उघडावं लागतच नव्हतं. तिसरं उत्तर अँटिव्हायरसचं. क्विक हील ही कंपनी पुण्याची, कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून उभी केलेली, म्हणून तिचं कौतुक आपल्याला जरा जास्तच. २०१७ च्या त्या मे महिन्यात भारतात वॉनाक्रायचे अठ्ठेचाळीस हजारांवर प्रयत्न पकडल्याचं तिनं सांगितलं होतं. पण अँटिव्हायरस ओळखीचा चोर पकडतो, पडलेली भिंत बांधून देत नाही.

अपडेटनंच संगणक बिघडतो, हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० च्या मोठ्या अपडेटनं काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला चार दिवसांत ते वाटप थांबवावं लागलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर नेऊन ठेवले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं आणि घरच्या पीसीला त्याची झळ लागली नाही, तरी विश्वासाला तडा गेला तो गेलाच. याहून अवघड प्रकरण नॉटपेट्याचं. २७ जून २०१७ ला त्यानं जहाजवाहतुकीची मर्स्क कंपनी ठप्प केली आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही बंद पाडलं. हा हल्ला आत शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणजे दुरुस्तीची वाटच चोरवाट झाली! मग अपडेट घ्यायचं कशाला? मला दिसतं ते असं: अशी प्रकरणं घडतात, पण विरळा, उघड झालेल्या भोकातून शिरणं हा रोजचा धंदा आहे. त्यात आत शिरल्यावर नॉटपेट्या पसरला तो वॉनाक्रायच्याच भोकातून आणि चोरलेल्या पासवर्डांवर, त्यामुळे एक कच्चा संगणक शेजारच्या पक्क्यालाही घेऊन बुडाला. भीती वाटत असेल तर अपडेट आठवडाभर पुढं ढकलावं, विंडोजमध्ये तशी सोय आहे. आठवड्यात वाईट अपडेटची बोंब होतेच. कायमचं बंद करणं ही वेगळी गोष्ट, आणि फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर नसेल तर दोन्हीकडून मरण.

आता दुकानदाराकडून बोलायचं तर तोही मूर्ख नाही. आपल्याकडचं नेट म्हणजे बहुतेक घरी मोबाइलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड-दोन जीबी. महिन्याचं एक अपडेट काहीशे एमबी खातं, कधी त्याच्या कितीतरी पट. पीसीत जुनी हार्ड डिस्क, चार जीबी रॅम. अपडेट सुरू झालं की माउस हलत नाही. त्यात ऐन ‘संगणक बंद करू नका’ असं पडद्यावर असताना लाईट जाते. पावसाळ्यात वाऱ्याची एक झुळूक पुरते. मग गिऱ्हाईक पीसी उचलून परत दुकानात, फुकट दुरुस्तीच्या हक्कानं. बंद करून दिलं की ही कटकट मिटते. शिवाय विंडोज क्रॅक केलेली असेल तर ॲक्टिव्हेटर चालवायला विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आधीच झोपवलेला असतो. हे शेवटचं मी माफ करणार नाही. बाकीच्यावर इलाज आहेत. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून खूण केली की मोठी डाउनलोड आपोआप थांबतात; महिन्यातून एकदा ती खूण काढून, इन्व्हर्टर भरलेला असताना, अपडेट घ्यावं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर तासाचं काम मिनिटांवर येतं. हे करून देणारा दुकानदार चार पैसे जास्त मागेल, आणि ते द्यावेत.

इतकं अपडेटचं वकीलपत्र घेतल्यावर विंडोज १० शी येऊन मी अडतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आपल्याकडं घरोघरी आलेले, मोठ्या शहरांतल्या ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड पीसी चौथ्या ते सहाव्या पिढीतले. म्हणजे सांगितलेलं सगळं ऐकणारा माणूसही एका तारखेला उघड्यावर आला. एक वर्षाची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग त्यांच्याकडं ठेवू दिलं तर ती फुकट, नाहीतर तीस डॉलर. युरोपातल्यांना सेटिंग ठेवू देण्याची अटही सोडून दिली, कारण तिथं ग्राहक संघटना भांडल्या. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून घेतलं तर अपडेट मिळत राहतील, पण टॅलीवाल्याचं आणि जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्याचं काम अडेल. सातबाऱ्याची प्रत काढण्यापुरता पीसी लागतो त्याला ‘नवीन घ्या’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुदतवाढ घ्या म्हणेन, आणि ती संपली की बँकेचं काम त्या पीसीवर करू नका, टॅली चालवायचीच असेल तर नेटची वायर काढून चालवा. हे अपडेट बंद करून देण्याच्याच जवळचं आहे, मान्य; फरक एवढाच की यात वायरही काढलेली असते.