एक पॅनल, दोन बॅटऱ्या

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आज सौरदिवा असेल. काहींच्या शेतात सौरपंपही असेल. मी तुमच्याएवढा होतो, तेव्हा आमच्या गावात या गोष्टी नवलाच्या होत्या. त्या वेळी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूक आणि तिच्यातून मी काय शिकलो, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

माझे गाव वसमत तालुक्यात आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा नवा जिल्हा झाला. तेव्हा आमचा तालुका त्या जिल्ह्यात आला. आमच्याकडे हळदीचे पीक मोठे. मे-जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात असते. तिला हिवाळाभर पाणी द्यावे लागते.

२००८ साली मी नववीत होतो. त्या काळी विजेचे भारनियमन फार होते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येई. मग कडाक्याच्या थंडीत अब्बा खांद्यावर फावडे आणि हातात टॉर्च घेऊन शेताकडे निघत. विहिरीवरचा पंप सुरू करत आणि पहाटेपर्यंत दारे धरत. दारे धरणे म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊक आहे ना? पाटाचे पाणी एका वाफ्यात सोडायचे, तो भरला की मातीने त्याचे तोंड बंद करायचे आणि दुसऱ्याचे उघडायचे. शेजारच्या शेतातले काकाही त्याच वेळी पाणी देत. अंधारात दोन टॉर्चचे उजेड लांबून दिसले, की अम्मीला धीर वाटे.

त्या वर्षी अब्बांनी एक लहानसे सौरपॅनल आणले. ते २० वॅटचे होते. त्याच्याबरोबर १२ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये जोडायला एक नियंत्रक होता. त्यावर एक दिवा जळे. मी आणि आपा त्या दिव्याखाली अभ्यास करत असू.

अब्बांच्या टॉर्चची बॅटरी मात्र ६ व्होल्टची होती. वीज दिवसा नसली, की ती चार्ज होत नसे. एके दिवशी मला वाटले, 'ऊन तर फुकट आहे. पॅनलही आहे. मग दोन्ही बॅटऱ्या एकदमच का चार्ज करू नयेत?' पॅनलच्या मागे १७ व्होल्ट असे लिहिले होते. सतरा हा आकडा बारापेक्षाही मोठा आणि सहापेक्षाही मोठा. मला हिशेब अगदी सोपा वाटला. मी कोणालाही विचारले नाही. टॉर्चची बॅटरी बाहेर काढली आणि दोन तारांनी ती मोठ्या बॅटरीला जोडून टाकली. धन टोकाला धन आणि ऋण टोकाला ऋण.

एवढ्यात अम्मीने हाक मारली. मी दहा मिनिटांनी परत आलो, तर जळक्या रबराचा वास सुटला होता. तारा हात लावता येणार नाही इतक्या तापल्या होत्या. लहान बॅटरी फुगून वाकडी झाली होती. मी कापडाने तारा ओढून काढल्या. भीतीने माझे हातपाय कापत होते. बॅटरी फुटली असती, तर आतले आम्ल माझ्या डोळ्यांतही गेले असते.

त्या रात्री अब्बा कंदील घेऊन शेतात गेले. मला ते एक शब्दही बोलले नाहीत. मला झोप आली नाही. अम्मी सारखी दारात जाऊन शेताकडे पाहत होती. त्या रात्री तिकडे एकच टॉर्च दिसत होता.

पहाटे अब्बा लंगडत घरी आले. शेजारच्या काकांनी त्यांना धरून आणले होते. बांधावर घोणस होती. कंदिलाच्या मंद उजेडात ती अब्बांना दिसली नाही. ती जोराने फुत्कारली म्हणून कळले. मागे सरताना अब्बांचा पाय सरीत मुरगळला. अल्लाहची कृपा, की त्यांना दंश झाला नाही. मी रडत त्यांच्या पायाशी बसलो. अब्बा म्हणाले, "बेटा, बॅटरी नवी मिळेल. पण न समजता विजेशी खेळू नकोस. जा, आधी समजून घे."

मी फुगलेली बॅटरी घेऊन वसमतला एका बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदार काका वयस्क होते. ते म्हणाले, "पोरा, तुझे वडील हळदीला पाणी देतात ना? मग सांग. दोन हौद आहेत. एकातले पाणी बारा फूट उंच आहे, दुसऱ्यातले सहा फूट. दोन्ही तळाशी मोठ्या नळाने जोडले, तर काय होईल?"

मी म्हणालो, "उंच हौदातले पाणी दुसऱ्यात धावेल."

"बस्स! तेच झाले. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. पॅनलने काहीच बिघडवले नाही. मोठ्या बॅटरीनेच लहान बॅटरीत वीज ओतली. लहान बॅटरीला ती पचली नाही."

"पण काका, मध्ये नियंत्रक होता ना?" मी विचारले.

काका हसले. "नियंत्रक म्हणजे दारे धरणारा माणूस. तो पॅनलच्या पाटावर उभा असतो. १२ व्होल्टची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरली, की तो दार बंद करतो. पण तू मागच्या बाजूने दोन वाफ्यांमधला बांधच फोडलास. ते पाणी त्याच्या समोरून गेलेच नाही."

मित्रांनो, आमच्या उर्दू पुस्तकात विद्युतप्रवाहाला 'बर्की रौ' म्हणत. तो शब्द मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी, मराठीतून, पाटाच्या पाण्यामुळे कळला. इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली पहिली विद्युतघटमाला तयार केली. व्होल्ट हे नाव त्याच्यावरूनच पडले, हेही मला पुढे वाचनात आढळले.

काकांनी पुढे सांगितले, "या बॅटरीत सुमारे दोन-दोन व्होल्टचे घर असते. तीन घरांची सहा व्होल्टची, सहा घरांची बारा व्होल्टची. आता सांग, ६ व्होल्टची बॅटरी या पॅनलवर कशी चार्ज करशील?"

मी विचार केला. "तशाच दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडल्या तर? सहा आणि सहा बारा!"

"शाबास! पण दोन्ही एकाच जातीच्या, सारख्या वयाच्या आणि सारख्याच रिकाम्या हव्यात. एक भरलेली आणि एक रिकामी असेल, तर भरलेलीवर जुलूम होतो. आणि मोबाईल असा थेट कधी जोडू नकोस. त्याला पाच व्होल्ट लागतात. त्यासाठी दाब कमी करणारा वेगळा चार्जर मिळतो."

मी ईदीचे जपून ठेवलेले पैसे देऊन नवी बॅटरी घेतली. पण दुसरी कोठून आणायची? ही गोष्ट शेजारच्या काकांना कळली. त्यांच्या टॉर्चलाही तशीच ६ व्होल्टची बॅटरी लागे. तीही जुनी झाली होती. त्यांनी लगेच नवी आणली आणि म्हणाले, "घे रे, जोड माझीही. आपण दोघे एकाच रात्री जागतो. दोन्ही सारख्याच रिकाम्या होतील."

त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर दोन घरांच्या बॅटऱ्या एकीपुढे एक जोडलेल्या असत. सकाळपासून दुपारपर्यंत टॉर्चच्या बॅटऱ्या, नंतर घरची मोठी बॅटरी. एका वेळी एकच काम. बदलताना मी आधी पॅनलची तार सोडवी. मग बॅटरी बदलून नियंत्रकाला जोडी आणि शेवटी पॅनल जोडी. अब्बांचा पाय बरा झाला आणि रात्री पुन्हा दोन टॉर्च दिसू लागले.

पुढे २०१९ साली केंद्र सरकारने पीएम-कुसुम योजना सुरू केली. सौरपंप खेडोपाडी पोहोचू लागले. आता अब्बा सौरपंपावर दिवसाउजेडी हळदीला पाणी देतात. टॉर्च खुंटीला टांगलेला असतो.

मित्रांनो, सूर्य सर्वांना सारखाच प्रकाश देतो. पण ज्याला जेवढे पेलते, तेवढेच त्याला द्यावे लागते. हे न जाणता मी दोन असमान बॅटऱ्या जोडल्या आणि एक गमावली. दोन सारख्या बॅटऱ्या जोडल्या, तेव्हा दोन घरे उजळली. तुम्हीही प्रयोग जरूर करा. पण तार हातात घेण्यापूर्वी जाणत्या माणसाला एकदा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.