लोखंडाची काच भट्टीत घातली की...

"काच" म्हणजे आरपार दिसणारी वस्तू, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लोखंडाचीसुद्धा काच होते असं म्हटलं तर समोरचा जरा संशयानेच बघतो. पण काचपणाचा संबंध पारदर्शकतेशी नाही, अणू आत कसे बसलेत याच्याशी आहे. नेहमीच्या लोखंडात ते कवायतीला उभे राहावेत तसे ओळीत असतात. काचेत मात्र संध्याकाळच्या विरार लोकलसारखं. जिथे जागा मिळेल तिथे.

युक्ती एवढीच, की वितळलेला धातू थंड होताना अणूंना रांग लावायला वेळच द्यायचा नाही. १९६० मध्ये कॅलटेकमधल्या पोल ड्यूवेझ यांच्या गटाने सोनं आणि सिलिकॉनचं मिश्रण वापरून हे करून दाखवलं. लोखंडासाठी वितळलेला रस गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडतात. तो सेकंदाला दहा लाख अंश अशा काहीतरी अचाट वेगाने गोठतो आणि जेमतेम २५ मायक्रॉन जाडीची पट्टी बाहेर पडते. त्यात बोरॉन आणि सिलिकॉनही असतं. पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना, साधारण तोच हिशोब. वेगळ्या मापाचे पाहुणे मध्ये घुसवले की रांग लागणं अवघड होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर चुंबकत्वासाठी. ट्रान्सफॉर्मरमधल्या लोखंडाचं चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा उलटतं आणि दर खेपेला थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. रात्री तीन वाजता सगळी वस्ती झोपलेली असली तरी! काचेच्या गाभ्यात हे रिकामं नुकसान सिलिकॉन पोलादाच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही कमी होऊ शकतं.

आता भट्टी. चाकावरून आलेल्या पट्टीत ताण असतो, तो घालवायला तिला साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवतात. इथपर्यंत ठीक. पण पाचशेच्या पुढे गेलात की अणूंना हालचालीपुरती मोकळीक मिळते आणि इतका वेळ अडवून ठेवलेली रांग लागायला सुरुवात होते. आधी लोखंडाचे स्फटिक, मग लोखंड-बोरॉनची संयुगं. कण मोठे होतात, चुंबकत्व प्रत्येक कणाच्या दिशेत अडकून बसतं, आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

म्हणून बरीच वर्षं समज असा होता, की स्फटिक झाले म्हणजे माल बिघडला. मला ही गोष्ट आवडते ती यापुढच्या वळणामुळे. १९८८ मध्ये तेव्हाच्या हिताची मेटल्समधल्या योशिझावा, ओगुमा आणि यामाउची यांनी काच मुद्दामच बिघडवली. मिश्रण असं: शंभर अणूंत लोखंड ७३.५, सिलिकॉन १३.५, बोरॉन ९, निओबियम ३ आणि तांबं फक्त १. साडेपाचशे अंशांच्या आसपास तासभर तापवलं की तांब्याला लोखंडात राहवत नाही, त्याचे बारीक बारीक पुंजके होतात आणि त्या पुंजक्यांपाशी स्फटिकाचं बीज धरतं. एकाच वेळी असंख्य ठिकाणी. निओबियम मात्र जागचं हलायला फार आळशी. ते वाढणाऱ्या कणांच्या भोवती, उरलेल्या काचेत साचतं आणि त्यांची वाढ रोखतं. कण दहा-पंधरा नॅनोमीटरवर थांबतात.

एवढ्या लहान कणांची स्वतःची दिशा चुंबकत्वाला जाणवतच नाही, कारण शेजारपाजारचे शेकडो कण मिळून सरासरी निघते. हा हिशोब गिसेलहर हेर्झर यांनी मांडला. कण ठराविक मापापेक्षा लहान असेपर्यंत, चुंबकत्व उलटवायला लागणारा जोर कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. सहाव्या! म्हणजे कण दुप्पट झाला की चौसष्ट पट. आम्हा प्रोग्रामर लोकांना दोनचे घात पाठ असतात, पण हा आकडा वाचून मीसुद्धा दचकलो. तेव्हा शत्रू स्फटिक नव्हताच, मोजके आणि मोठे स्फटिक हा शत्रू होता.

भट्टीवाल्याचं काम मात्र यामुळे सोपं झालेलं नाही. स्फटिक होताना धातू स्वतःच उष्णता बाहेर टाकतो. गाभा जाडजूड असेल आणि घाई केली तर ती आतच कोंडते, तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर निसटतं आणि संयुगांचा दुसरा टप्पा सुरू होतो. तो एकदा झाला की परत वितळवण्याशिवाय इलाज नाही. म्हणून शेवटचा चढ हळू चढायचा.

आणि एक. तापवण्याआधी ही पट्टी हवी तशी वाकते, नंतर हात लावला की तुकडे पडतात. त्यामुळे आधी गुंडाळून गाभा तयार करायचा, मगच भट्टीत घालायचा, आणि बाहेर आल्यावर प्लॅस्टिकच्या डबीत बंद करायचा.