दोन ओळींत बोलणारी

भोसरीतल्या एखाद्या लेझर कटिंगवाल्याला फोन लावा. पत्रा कुठला, जाडी किती, नग किती, एवढं विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "डीएक्सएफ आहे का?" पीडीएफ आहे म्हटलं की त्याचा आवाज पडतो. हाताने काढलेलं स्केच आहे म्हटलं तर "काढून घेऊ, पण त्याचे पैसे वेगळे." डीएक्सएफ आहे म्हटलं की गडी खूश. "आर-ट्वेल्व्हमध्ये सेव्ह करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, लगेच बघतो."

एवढा मान मिळवणारी ही बाई कालपरवाची नाही. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती अमेरिकेत विक्रीला आली, तिच्यासोबतच हिचा जन्म. थोरली बहीण डीडब्ल्यूजी. ऑटोकॅड आपलं रोजचं काम ठेवतं ते थोरलीकडे. थोरली महाघुमी. तिच्या पोटात काय आहे ते बाहेरच्याला कळत नाही, आणि ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीनेही वर्षानुवर्षं ते कळू दिलं नाही. धाकटीचं मात्र सगळं उघड. तिची भाषा कंपनीनेच छापून वाटली: आमच्या ड्रॉइंगशी काही देणंघेणं करायचं असेल तर हिच्याशी बोला. यात उदारपणा किती आणि हिशेब किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला हिशेबाचं पारडं जड वाटतं, पण त्या हिशेबाने जगाचं भलंच झालं.

त्या काळी ऑटोकॅड आयबीएमच्या पीसीवर चालायचं, व्हिक्टरच्या मशीनवर चालायचं, झेड-८० चिपच्या यंत्रांवरही चालायचं. एका यंत्राने आपल्या पद्धतीने साठवलेला आकडा दुसऱ्याला तसाच वाचता येईल याची हमी नव्हती. साधी अक्षरं मात्र सगळ्यांना वाचता येत. म्हणून धाकटीला साध्या अक्षरांत बोलायला शिकवलं.

तिचं बोलणं एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघावं. ती कायम दोन ओळींत बोलते. वरच्या ओळीत एक आकडा, म्हणजे आता कशाबद्दल सांगते ते. खालच्या ओळीत प्रत्यक्ष गोष्ट. ० म्हणाली की नवी वस्तू सुरू, आणि खाली 'लाइन'. ८ म्हणजे लेयर, खाली 'कट'. १० आणि २० म्हणजे रेघ जिथून निघते त्या बिंदूचे एक्स आणि वाय, ११ आणि २१ म्हणजे जिथे पोचते त्याचे. एका रेघेला बारा ओळी. तिसरी मितीही सांगायची झाली तर सोळा. ६२ म्हणजे रंग, त्यात १ लाल, २ पिवळा, ३ हिरवा. वर्तुळाची त्रिज्या ४० वर. सगळं सांगून झालं की पुन्हा ० आणि खाली 'ईओएफ', म्हणजे बाईंचं बोलणं संपलं.

अशा पाल्हाळात एक जागा मात्र फार देखणी आहे. पॉलीलाइनमध्ये सरळ बाजूऐवजी चाप आला तर ती ना केंद्रबिंदू सांगते ना त्रिज्या. कोपऱ्याच्या बिंदूशेजारी ४२ खाली फक्त एक आकडा ठेवते: चापाच्या कोनाचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा टॅन. अर्धवर्तुळ असेल तर नेमका १. चाप उलट्या दिशेने वळला तर तोच आकडा उणे. शून्य असेल तर बाजू सरळ. ज्याने कुणी हे सुचवलं त्याला भूमितीची खरी चव होती.

एवढी उघड असल्यामुळे तिच्याशी कुणालाही बोलता येतं. टोटल स्टेशनने मोजलेले जमिनीचे बिंदू एखाद्या वीस-तीस ओळींच्या प्रोग्रॅमने तिच्या भाषेत लिहून काढता येतात. परवाना नको, कुणाची ओळख नको. जुन्या आर-ट्वेल्व्हच्या बोलीत तर ती वरच्या प्रस्तावनेचाही आग्रह धरत नाही. वस्तूंची यादी द्या, शेवटी ईओएफ म्हणा, काम झालं.

आर-ट्वेल्व्ह म्हणजे १९९२ सालची बोली. त्यानंतर ऑटोकॅडला लंबवर्तुळ आणि स्प्लाइन या खऱ्याखुऱ्या वस्तू म्हणून कळू लागल्या, आणि धाकटीही त्या शिकली. पण शॉपफ्लोअरवरच्या कितीतरी मशीनना अजून १९९२ चीच बोली सगळ्यात बरी समजते. मग गुळगुळीत स्प्लाइनचे शेकडो बारके तुकडे करून ती पुढे सांगते. स्क्रीनवर फरक दिसत नाही. पण कटिंग हेड प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी जरासं अडखळतं आणि नग हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं की पैलू लागतात. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब आहे. ऑपरेटर म्हणतो फाइल खराब आहे. बाईंना जे शब्द ठाऊक होते तेवढ्यात त्यांनी सांगितलं होतं.

तिचा सगळ्यात कुप्रसिद्ध अवगुण एककाचा. १०० म्हणाली तर शंभर काय? नव्या आवृत्त्यांत त्यासाठी वेगळी जागा आहे: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलीमीटर, ० म्हणजे काहीच ठरलेलं नाही. जुन्या बोलीत ती जागाच नाही, आणि नव्यातही वाचणारा तिकडे बघेलच असं नाही. १०० मिलीमीटरचा ब्रॅकेट इंच समजून उघडला की २५४० मिलीमीटर होतो. २५०० बाय १२५० च्या शीटवर तो मावतच नाही, म्हणून चूक लगेच पकडली जाते. खरा घात होतो तो पटेल अशा चुकीने. ड्रॉइंगमधला व्ह्यू अर्ध्या स्केलने मांडलेला असतो, तो तसाच एक्स्पोर्ट होतो, आणि निम्म्या मापाचे नग अगदी सुबक कापून येतात. डायमेन्शनमध्ये लिहिलेलं माप बरोबर असतं, रेघ चूक असते. मशीन रेघ वाचतं.

मराठीशीही तिचं फारसं जमलं नाही. जुन्या बोलीत 'न' लिहायचा तर उलटी तिरकी रेघ, मग यू, अधिक चिन्ह आणि ०९२८, अशी कसरत. २००७ च्या आवृत्तीपासून ती युनिकोड सरळ लिहू लागली. पण जुन्या मराठी फॉन्टमध्ये गावांची आणि रस्त्यांची नावं टाकलेले नकाशे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की अजूनही इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

आणि बोलकी असली तरी एक गुपित तीही सांभाळते. थ्री-डी सॉलिड आला की ती अक्षरांची अदलाबदल करून पुटपुटते. त्यामुळे थ्री-डीवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. आधी १९८० चं आयजेस, पंच कार्डासारख्या ८० रकान्यांच्या ओळींत बोलणारं, मग १९९४ पासून स्टेप, ज्याला आयएसओचा शिक्का आहे. हिच्याजवळ तसला शिक्का नाही. थोरलीलाही बाहेरच्यांनी शेवटी बोलतं केलंच. १९९८ मध्ये त्यासाठी एक संघ उभा राहिला, आणि २००६ मध्ये ऑटोडेस्कने त्याला ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर कोर्टात खेचलं. आज कितीतरी सॉफ्टवेअर थोरलीशी थेट बोलतात. तरी फोनवर विचारणा होते ती धाकटीचीच.

गणपतीच्या आधीच्या महिन्यांत तिला उसंत नसते. एमडीएफच्या मखरांच्या डीएक्सएफ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतात. मूळ कुणी काढली ते कुणाला माहीत नसतं. एखाद्याला मखर जरा लहान हवं असतं, तो सगळं ऐंशी टक्के करतो. कमान छान लहान होते, महिरप छान लहान होते, आणि पाट्या एकमेकींत अडकवायच्या सहा मिलीमीटरच्या खाचाही ४.८ होतात. सहाचा एमडीएफ त्यात शिरत नाही. बाईंच्या लेखी ती खाच नव्हतीच, सहाच्या अंतरावरच्या दोन रेघा होत्या. ती रुंदी लाकडाच्या जाडीवरून आली, हे सांगायला त्यांच्याकडे आकडा नाही. मग सीएनसीवाला रात्री बसून एकेक खाच पुन्हा सहाची करतो आणि 'मखर फायनल नवीन २' या नावाने फाइल पुढे पाठवतो.