गुजराती गल्लीची वाट

हैदराबादच्या कोठी भागाशी माझा परिचय तीस वर्षांचा आहे. उस्मानिया विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करीत असताना जुन्या पुस्तकांच्या शोधात मी तेथे वरचेवर जात असे. ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीवरून या भागाला हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कर्कपॅट्रिक नावाच्या रेसिडेंटने बांधविलेली ती भव्य वास्तू पुढे मुलींच्या महाविद्यालयाला लाभली. तिच्या पायऱ्या, तिचे उंच खांब, तिच्या आवारातील तिचीच छोटी प्रतिकृती, हे सारे मी मोठ्या कौतुकाने पाहिले होते. परंतु तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या गुजराती गल्लीत मात्र माझे पाऊल कधी पडले नव्हते. विद्युत्-यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या गल्लीत मराठीच्या विद्यार्थ्याचे काय काम, अशी माझी समजूत होती. ती समजूत गेल्या वर्षी एका अपघाताने मोडली.

अपघात घडला तो भालकी तालुक्यातील आमच्या गावी, मांजरेकाठच्या शेतात. आणि तो माझ्याच हातून घडला. माझा भाचा बारावीच्या परीक्षेत गणितात अनुत्तीर्ण झाला होता. दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरण्यास तो तयार नव्हता. दिवसभर माळ्यावर बसून तो आपले ड्रोन जुळवीत असे. एक एक भाग पैसे साठवून आणलेला. सारे मिळून वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. "अभ्यास सोडून ही खेळणी कसली?" असे मी त्याला चारचौघांत बोललो होतो. तो काही बोलला नाही. ज्या दिवशी ते यंत्र प्रथम आकाशात स्थिर उभे राहिले, त्या दिवशी मात्र मीच मोठेपणाने म्हणालो, "आण इकडे, पाहू दे मला." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि नियंत्रक माझ्या हाती दिला. पुढच्या अर्ध्या मिनिटात ड्रोन बांधावरच्या चिंचेवर आदळून खालच्या दगडांवर पडले होते.

"असू दे, मामा," एवढेच तो म्हणाला. त्या तीन शब्दांनी मला जितके लाजविले, तितके कोणत्याही रागाने लाजविले नसते.

दोन पंखे तुटले होते, एका भुजेला तडा गेला होता आणि बॅटरी फुगली होती. फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा भारित करावयाची नसते. ती पेट घेते. भाच्याने ती वाळूने भरलेल्या मडक्यात घालून घराबाहेर ठेवली. पुढे ती आम्ही ई-कचरा गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन केली. उरलेले यंत्र एका डब्यात घालून आम्ही दोघे भालकीच्या स्टेशनावर गाडीत बसलो. बिदर, जहीराबाद, विकाराबाद मागे पडत गेले. खिडकीबाहेरची तांबडी माती पाहत तो गप्प बसला होता आणि डबा माझ्या मांडीवर होता.

कोठीत उतरलो तेव्हा सुलतान बाजारावरून मेट्रो धावत होती. माझ्या विद्यार्थिदशेत तेथे नुसते आभाळ होते. गुजराती गल्लीचे तोंड अरुंद. आत शिरताच दोहों बाजूंना काचेच्या बरण्या, खोकी आणि तारांची वेटोळी. किराणा दुकानात जिरे-मोहरीचे खण असावेत, तसे येथे रोधक आणि संधारक यांचे खण. गिऱ्हाईक तेलुगूत विचारते, दुकानदार दखनीत उत्तर देतो आणि हिशेब गुजरातीत होतो. अशा ठिकाणी आम्हां सीमेवरच्या मराठी माणसांना परके वाटत नाही. आमच्या घरातही हे सारे थोडेथोडे असतेच.

एका जिन्यावरच्या लहान खोलीत एक वयस्क कारागीर बसले होते. तारुण्यात त्यांनी रेडिओ दुरुस्त केलेले. भाच्याने घाईने नवी बॅटरी जोडण्यासाठी हात पुढे केला, तसे ते म्हणाले, "पैले देखो बेटा, बाद में बिजली." मग त्यांनी मीटर लावून यंत्राची धन आणि ऋण टोके एकमेकांस चिकटलेली नाहीत ना, हे पाहिले. त्यानंतरही त्यांनी बॅटरी सरळ जोडली नाही. मध्ये मोटारीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा दिवा जोडला. आत कोठे दोष असता तर दिवा भक्कन पेटला असता आणि प्रवाह अडून यंत्र वाचले असते. दिवा क्षणभर लुकलुकला व विझला. जुन्या रेडिओवाल्यांची ही युक्ती. आजच्या यंत्रालाही तीच उपयोगी पडली.

पंखे उतरवून एकेक मोटर फिरविली. तीन नीट फिरल्या. चौथी नुसती थरथरली. दोष मोटरमध्ये, की तिला वीज पुरविणाऱ्या भागात? त्यांनी स्वतः उत्तर दिले नाही, भाच्याकडे पाहिले. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "हीच मोटर दुसऱ्या जागी जोडून पाहू. तिथेही थरथरली, तर दोष तिचाच." तसेच केले, ती तेथेही थरथरली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोषाला लपण्यास जागा उरत नाही, हा धडा मी त्या खोलीत विद्यार्थ्याच्या बाकावर बसून शिकलो. तीस वर्षे मी मुलांच्या वह्यांवर लाल रेघा ओढीत आलो. उत्तर चुकले हे सांगितले, पण कोठे चुकले हे किती वेळा शोधले?

नवी मोटर आणि नवी भुजा घेऊन आम्ही परतलो. भाच्याने ती स्वतः डाख देऊन बसविली. परंतु शेतात नेऊन उडविताच यंत्र जमिनीवरच कलंडून उताणे झाले. माझा चेहरा पडला. त्याचा मात्र पडला नाही. त्याने पंखे काढले, मोटर फिरविली आणि तिच्या कडेला कागदाची पट्टी हलकेच टेकवली. पट्टी ज्या दिशेने ओढली गेली, ती दिशा उलटी होती. ड्रोनच्या समोरासमोरच्या कोनांतील दोन मोटरी एका दिशेने, तर शेजारच्या दोन विरुद्ध दिशेने फिराव्या लागतात. मोटरला तीन तारा असतात. त्यांपैकी कोणत्याही दोनांची अदलाबदल केली की ती उलट फिरते. त्याने तेवढेच केले. यंत्र उचलले गेले आणि चिंचेच्या शेंड्याइतके वर जाऊन स्थिर राहिले. नियंत्रक त्याने पुन्हा माझ्यापुढे धरला. मी मात्र हात मागेच बांधून ठेवले.

त्या रात्री मी त्याला त्याच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागितली. पूर्वी मी केवळ गुण विचारले होते. कंदिलाचे दिवस गेले असले तरी आमच्या ओसरीवरचा दिवा तसा मिणमिणताच. त्याच्या उजेडात आम्ही एकेक प्रश्न तपासला. मला स्वतःला ते गणित येत नाही, परंतु प्रत्येक पायरीला "ही का?" असे विचारता येते. भाचा सांगत गेला आणि सांगता सांगता थबकला. निम्म्याहून अधिक गुण एकाच प्रकरणात, संकलनात, गेले होते. बाकीचा पेपर धड होता. सारे यंत्र मोडलेले नव्हते. एक मोटर उलटी फिरत होती.

"मामा, फॉर्मची तारीख अजून गेली नाही ना?" त्याने विचारले.

तारीख गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर महाविद्यालयात गेलो. फॉर्म मात्र त्याने स्वतः भरला, मी केवळ दारात उभा राहिलो. पुढील निकाल काय लागला, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचकांपैकी कोणी कोठीत पुस्तकांसाठी गेले, तर त्यांनी चार पावले पुढे टाकून ती गल्लीही एकदा पाहून यावी, इतकीच विनंती.